शास्त्रात असेलच की!

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. एरवी तो रविवारी, उपासना आटोपून घरी आला की फोन करतो. त्या दिवशी मंगळवार होता आणि रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. त्यामुळे फोन उचलतानाच माझ्या पोटात गोळा आला.

“ताई, झोपली नव्हतीस ना?” असे विचारून तो थोडा वेळ गप्पच राहिला. मग म्हणाला, “पोरीनं लग्न ठरवलंय.”

माझी ही भाची अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या एका इस्पितळात नर्स आहे. वय एकतीस. तिच्या लग्नाची काळजी करून करून वहिनी थकली होती. “अरे, मग ही आनंदाची बातमी की!” मी म्हटले.

“मुलगा तिकडचाच आहे. शाळेत शिक्षक आहे. चर्चला नेमानं जातो, दारू-सिगरेट काही नाही. सगळं चांगलं आहे. पण ताई, तो काळा आहे.”

आता गप्प राहण्याची पाळी माझी होती. भाऊच पुढे बोलू लागला, “तू एवढी वर्षं संडे स्कूल चालवलंस. शास्त्रात याविरुद्ध कुठं तरी लिहिलेलं असेलच की. मागं मला काढून दिलं होतंस, तसं एखादं वचन काढून दे. मी तेवढंच तिला लिहून पाठवतो. बापाचं नाही, तर देवाचं तरी ऐकेल.”

‘बघते’ म्हणून मी फोन ठेवला. त्या ‘मागं’चा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक होता. त्याविषयी शेवटी सांगणारच आहे.

आम्ही मूळचे अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. चार पिढ्यांचे ख्रिस्ती. खोटे कशाला सांगू, वचन शोधायला बसले तेव्हा ते सापडावे असेच मला वाटत होते. एका संध्याकाळचे काम म्हणून शब्दसूची काढली आणि त्यात सगळा हिवाळा गेला.

मोशेची कूशी बायको

भावाला हवे होते त्याच्या जवळपास जाणारी वचने बायबलच्या जुन्या करारात आहेत, नाहीत असे नाही. ‘अनुवाद’ या पुस्तकात इस्राएली लोकांना बजावले आहे, की कनान देशात आधीपासून राहणाऱ्या सात राष्ट्रांशी सोयरीक करू नका. एज्राच्या पुस्तकातला प्रसंग तर फारच कठोर आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या ज्या लोकांनी परराष्ट्रीय बायका केल्या होत्या, त्यांनी त्या बायकांना मुलांसकट घालवून द्यावे असे यरुशलेमेत ठरते. भर पावसात, चौकात कुडकुडत बसलेले लोक हा निर्णय ऐकतात. इतक्या वर्षांत हा अध्याय मी मुलांना कधी शिकवला नाही. त्या घालवून दिलेल्या आया कुठे गेल्या, असे एखाद्याने विचारले असते तर मी काय सांगणार होते?

पण दोन्ही ठिकाणी कारण काय दिले आहे ते पाहिले, की भावाचे काम होत नाही. ही माणसे तुमच्या मुलांना दुसऱ्या देवांच्या भजनी लावतील, ही भीती तिथे आहे. वाद देवाचा आहे. कातडीचा उल्लेखही नाही.

उलट बाजूची साक्षच भक्कम निघाली. मवाबी लोकांना दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत घेऊ नये, असा नियम त्याच ‘अनुवादा’त आहे. आणि रूथ ही मवाबीच होती. विधवा झाल्यावर ती सासूचा हात धरून बेथलेहेमला आली, बवाजाशी तिचे दुसरे लग्न झाले आणि तिचा पणतू म्हणजे दावीद राजा. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ दिली आहे, तिथे रूथचे नाव आवर्जून घातले आहे आणि तिच्या आधी राहाब या कनानी बाईचेही.

‘गणना’ या पुस्तकातल्या बाराव्या अध्यायाने तर मला खाली बसवले. मोशेने एक कूशी बायको केली होती. कूश म्हणजे मिसर देशाच्या दक्षिणेचा प्रदेश, आजच्या सुदानकडचा. तिथले लोक काळ्या वर्णाचे, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. या बायकोवरून मोशेची थोरली बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याला नावे ठेवू लागतात. देवाचा राग होतो, पण तो मोशेवर होत नाही. मिर्यामेच्या अंगावर कोड उठते, ती बर्फासारखी पांढरी होते आणि सात दिवस तिला छावणीबाहेर राहावे लागते. भावाच्या काळ्या बायकोला नाक मुरडणारी बहीण पांढरीफटक पडते! हा अध्याय मी कितीदा तरी वाचला होता, पण त्यातली मिर्याम कोण आहे ते त्या रात्री प्रथम कळले.

नोहाचा शाप आणि पौलाचे भाषण

मग लोक आधार तरी कशाचा घेत आले? भाचीनेच पाठवलेल्या दोन पुस्तकांतून आणि इकडून तिकडून जमवलेल्या वाचनातून ते कळत गेले.

पहिला आधार नोहाच्या शापाचा. नोहा दारू पिऊन उघडा पडला असता हाम या मुलाने ते पाहिले, म्हणून नोहाने शाप दिला, अशी ‘उत्पत्ती’त गोष्ट आहे. हामच्या वंशातून आफ्रिकेतले लोक झाले, तेव्हा त्यांची गुलामी हा शापाचाच परिणाम आहे, असे अमेरिकेतले कित्येक धर्मोपदेशक गुलामगिरीच्या काळात व्यासपीठावरून सांगत. मूळ गोष्ट उघडून पाहावी तर शाप हामला नाहीच, तो हामचा मुलगा कनान याला आहे. आणि काळा रंग त्यात कुठेच नाही.

दुसरा आधार अधिक चतुर आहे. प्रेषित पौलाने अथेन्स शहरात केलेले एक भाषण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली, असे तो म्हणतो आणि त्याच वाक्यात पुढे, देवाने त्यांच्या वस्तीच्या सीमाही ठरवून दिल्या, असेही म्हणतो. ज्यांना माणसे एकत्र आणायची होती त्यांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला, ज्यांना दूर ठेवायची होती त्यांनी दुसरा. १९६०च्या ईस्टरच्या रविवारी बॉब जोन्स या नामांकित धर्मोपदेशकाने वंशविभाजन शास्त्राला धरून आहे असे सांगणारे प्रवचन रेडिओवरून दिले, ते याच वाक्याच्या आधाराने. पुनरुत्थानाच्या दिवशी हे प्रवचन!

तिसरे वचन पौलाच्याच करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले. विश्वास न ठेवणाऱ्यांशी संबंध जोडून ‘विजोड’ होऊ नका, असा त्याचा आशय. वचन विश्वासाबद्दल आहे. पण ‘विजोड’ हा शब्द असा आहे, की ज्याला जे जोड नको असेल ते त्यात बसवता येते. हे मी अनुभवाने सांगते आहे.

रेघ सरकली

सुरुवातीला अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींतही मुख्य रेघ ख्रिस्ती आणि अख्रिस्ती अशीच होती. गुलाम हा अख्रिस्ती, म्हणून तो गुलाम, असा हिशेब. पण गुलामही बाप्तिस्मा घेऊ लागले तेव्हा मालकांची पंचाईत झाली. व्हर्जिनिया वसाहतीने १६६७मध्ये कायदाच केला, की बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाची गुलामी सुटत नाही. मेरीलँडने त्याआधी तीन वर्षे, गुलामाशी लग्न करणाऱ्या इंग्रज बाईने नवरा जिवंत असेतो त्याच्या मालकाची चाकरी करावी, असे ठरवले होते. १६९१मध्ये व्हर्जिनियाने काळ्या, मिश्रवर्णीय किंवा मूळ रहिवासी जोडीदाराशी लग्न करणाऱ्या गोऱ्या माणसाला हद्दपारीची शिक्षा ठेवली. धर्माची रेघ पुसट झाली तशी ती सरकवून कातडीवर आणून ठेवली. शास्त्रातली वचने तिच्या भोवती नंतर रचण्यात आली.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. वचन वाचून कोणाला भेद सुचलेला नाही. भेद घरात आधीच होता, मग त्याला शोभेल असे वचन शोधायला माणसे बसली. माझ्यासारखीच.

कॉर्नवॉल गावातली होळी

आता जे सांगणार आहे त्याचा धागा आमच्या नगरपर्यंत येतो. १८१०मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या काही धर्मनिष्ठ लोकांनी परदेशांत मिशनरी पाठवण्यासाठी ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था काढली. तिने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. १८३१मध्ये ते नगरला आले. आमच्या पणज्याला अक्षरओळख या मिशनने करून दिली. जात देवळाच्या दाराबाहेर ठेवून या, एका पंगतीला बसा, ही शिकवण त्यांचीच.

याच बोर्डाने १८१७मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या कॉर्नवॉल या खेड्यात एक शाळा काढली होती. हवाई बेटांतले, चीनमधले, अमेरिकेच्या मूळ जमातींतले तरुण तिथे आणायचे, त्यांना शिकवायचे आणि आपापल्या लोकांत धर्मप्रसारासाठी परत पाठवायचे, असा बेत होता. त्यात चेरोकी जमातीचे दोन हुशार तरुण होते, जॉन रिज आणि इलायस बुडिनो. रिज आजारी पडला तेव्हा शाळेची व्यवस्था पाहणाऱ्या कुटुंबातली सॅरा नॉर्थरप त्याची शुश्रूषा करीत असे. १८२४च्या जानेवारीत दोघांचे लग्न झाले आणि गाव खवळले. वर्तमानपत्रांतून शाळेवर टीकेची झोड उठली.

तोच बुडिनो आणि हॅरिएट गोल्ड यांचे ठरले. हॅरिएट चर्चच्या डीकनची मुलगी. आईवडिलांनी आधी नकार दिला. ती अंथरुणाला खिळली तेव्हा, आपण देवाच्या इच्छेविरुद्ध तर जात नाही ना, या भीतीने ते नमले. पण १८२५च्या उन्हाळ्यात गावाने हॅरिएट आणि बुडिनो यांचे पुतळे करून जाळले. आग लावणारा तिचा सख्खा भाऊ स्टीफन होता. चर्चमध्ये गाणाऱ्या तिच्या मैत्रिणींनी दंडाला सुतकाची काळी पट्टी बांधली. शाळेच्या विश्वस्तांनी निषेधाचे पत्रक काढले. त्यावर सही करणाऱ्यांत लायमन बीचर हे त्या काळचे विख्यात धर्मोपदेशक होते.

ही माणसे वाईट होती असे म्हणून मोकळे होता येत नाही. हवाईच्या मुलासाठी चौथाई काढणारी, त्याच्या आत्म्यासाठी रात्री प्रार्थना करणारी हीच माणसे होती. स्वर्गात तो शेजारी बसलेला त्यांना चालणार होता, जेवणाच्या टेबलाशी जावई म्हणून चालत नव्हता.

एक माणूस मात्र निराळे बोलला. बोर्डाचे चिटणीस जेरेमाया एव्हर्ट्स यांनी सवाल केला, की जगाच्या या वयात रंगातला थोडासा फरक ही लग्नाला ओलांडता न येणारी भिंत आहे असे आपण म्हणणार का? शास्त्राधार त्यांनाही सापडला नव्हता. तरी गदारोळापुढे शाळा टिकली नाही. ती बंद करायचे १८२६मध्ये ठरले.

हॅरिएट आणि बुडिनो यांचे लग्न त्याच वर्षी मार्च महिन्यात लागले. त्याच महिन्यात इकडे गॉर्डन हॉल नाशिकहून परतताना वाटेतच पटकीने वारले. एकाच संस्थेच्या वहीत या दोन्ही नोंदी. आणि ज्या मॅसॅच्युसेट्समधून ही मंडळी आम्हाला जात सोडा म्हणून सांगायला आली, तिथे गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला १७०५पासून कायद्याने बंदी होती. असे लग्न लावणाऱ्या पाळकालाही दंड होता. तो कायदा १८४३मध्ये रद्द झाला, म्हणजे नगरला मिशन येऊन बारा वर्षे झाल्यावर. हे कळल्यावर मला मिशनऱ्यांचा राग आला नाही. दुसऱ्याच्या घरातली जात दिसते, स्वतःच्या घरातली दिसत नाही, एवढेच कळले.

कोर्टात आलेला देव

विसाव्या शतकात हा वाद अमेरिकेतल्या कोर्टांत गेला. तिथे देव दोन्ही बाजूंनी उभा राहिला.

१९४७मध्ये कॅलिफोर्नियात अँड्रिया पेरेझ आणि सिल्वेस्टर डेव्हिस यांना लग्नाचा परवाना नाकारण्यात आला. ती मेक्सिकन वंशाची, म्हणून कायद्याच्या लेखी गोरी. तो काळा. दोघेही कॅथलिक. त्यांचे वकील डॅनियल मार्शल यांनी असा मुद्दा मांडला, की आमच्या चर्चला या लग्नात काही वावगे दिसत नाही, तेव्हा सरकार आमच्या धर्मस्वातंत्र्याच्या आड येते आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्यात धर्मभेद ही लग्नाला अडचण आहे, वंशभेद नाही, हे खरेच होते. निकाल चार विरुद्ध तीन असा लागला. आणि त्या चारांपैकी एका न्यायमूर्तींनी आपले मत धर्मस्वातंत्र्याच्या आधारावरच दिले होते. ते नसते तर पारडे फिरले असते.

दुसरा खटला जगप्रसिद्ध आहे. रिचर्ड लव्हिंग गोरा गवंडी, त्याची बायको मिल्ड्रेड काळ्या आणि मूळ रहिवासी अशा मिश्र कुळातली. १९५८च्या जूनमध्ये वॉशिंग्टन शहरात लग्न करून ती दोघे व्हर्जिनियात आपल्या गावी राहू लागली. जुलैत मध्यरात्री शेरीफ थेट त्यांच्या झोपण्याच्या खोलीत शिरला. दोघांना एक वर्षाची शिक्षा झाली, ती पंचवीस वर्षे एकत्र राज्यात पाऊल न टाकण्याच्या अटीवर तहकूब ठेवण्यात आली. पुढे १९६५मध्ये न्यायाधीश लिऑन बझील यांनी निकालपत्रात आपले ब्रह्मज्ञान नोंदवले. सर्वशक्तिमान देवाने गोरे, काळे, पिवळे, मलाय आणि तांबडे असे वंश निर्मून त्यांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, त्याअर्थी ते मिसळावेत असा त्याचा हेतू नव्हता, असे त्यांचे म्हणणे. मग न्यायाधीशमहाराजांचे पूर्वज समुद्र ओलांडून त्या खंडावर कोणाच्या हेतूने आले, हे त्यांना कोणी विचारले नाही. आणि या पाच रंगांत आपला भारतीय माणूस नेमका कुठे बसतो, तेही कळत नाही.

१२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे कायदे रद्द केले. तेव्हा ते सोळा राज्यांत चालू होते. त्यांत माझ्या भाचीचे जॉर्जियाही होते. जॉर्जियाच्या १९२७च्या कायद्यात गोरा कोणाला म्हणायचे याची व्याख्या आहे आणि अंगात कोणाकोणाचे रक्त असले की माणूस गोरा नव्हे, याची यादी. त्या यादीत आफ्रिकनांच्या जोडीला आशियाई भारतीयही नाव घेऊन घातले आहेत. म्हणजे माझ्या भावाला जो मुलगा ‘काळा’ म्हणून नको होता, तो आणि भावाची लेक कायद्याने आखलेल्या रेघेच्या एकाच बाजूला उभी होती!

कायदा गेला तरी सवय लगेच जात नाही. बॉब जोन्स यांच्या नावाच्या ख्रिस्ती विद्यापीठात वेगवेगळ्या वंशांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर फिरायला बंदी होती. त्यापायी विद्यापीठाने करसवलत गमावली. १९८३मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात हरले, तरी नियम सोडला नाही. तो गेला २०००च्या मार्चमध्ये आणि माफी मागितली गेली २००८मध्ये. अलाबामा राज्याने आपल्या घटनेतले हे मेलेले कलम काढण्यासाठी २०००मध्ये मतदान घेतले, तेव्हा शंभरातल्या सुमारे चाळिसांनी ते राहू द्या म्हणून मत दिले. २०११मध्ये केंटकीतल्या एका छोट्या बाप्टिस्ट मंडळीने अशा जोडप्यांना सभासद करून घ्यायचे नाही असा ठराव नऊ विरुद्ध सहा मतांनी केला. निमित्त काय, तर मंडळीतल्या एका मुलीने आपल्या आफ्रिकन वाग्दत्त वराला देवळात आणून दोघांनी भक्तिगीत सादर केले होते. चोहोबाजूंनी छी-थू झाल्यावर थोड्याच दिवसांत ठराव मागे घेतला गेला.

तरी काळ बदलला हेही खरे. गॅलप संस्थेच्या पाहणीत १९५८मध्ये शंभरांतल्या चार अमेरिकनांना गोऱ्या-काळ्यांचे लग्न मान्य होते. २०२१मध्ये चौऱ्याण्णवांना.

काहींच्या दुर्बलतेमुळे

हे सारे अमेरिकेचेच वैशिष्ट्य असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत केपच्या वसाहतीत १६६४मध्ये क्रोटोआ या खोईखोई स्त्रीचे, बाप्तिस्मा घेऊन, डच कंपनीच्या एका शल्यवैद्याशी रीतसर ख्रिस्ती लग्न लागले होते. तेव्हा कोणाला वचन आडवे आले नाही. १८५७मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने ठरवले, की सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे, पण काहींच्या दुर्बलतेमुळे अडचण येत असेल तर वेगळे बसवायला हरकत नाही. ती दुर्बलता पुढे नियम झाली, मग तत्त्वज्ञान झाली. मिश्र विवाहांना बंदी घालावी म्हणून याच चर्चने सरकारकडे आग्रह धरला आणि १९४९मध्ये तो कायदा आला. १९८२मध्ये रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले. १९८५मध्ये मिश्र विवाहबंदी उठली आणि पुढच्याच वर्षी त्या चर्चनेही आपली जुनी भूमिका बदलली.

आपल्या गोव्यात अल्बुकर्कने १५१०पासून उलटाच मार्ग धरला होता. पोर्तुगीज शिपायांनी इथल्या स्त्रियांशी, त्यांना बाप्तिस्मा देऊन, लग्ने करावीत म्हणून तो उत्तेजन देत असे. धर्म एक झाला की रंगाची आडकाठी नाही. त्यामागे राज्य पक्के करण्याचा हिशेब होता हे उघड आहे. पण त्याच गोव्यात बाप्तिस्मा घेतलेल्या घराण्यांनी बामण, चारडो, शूद्र ही ओळख जपली आणि सोयरिकीच्या वेळी ती पुढे येत राहिली.

मागचे वचन

आता त्या ‘मागं’विषयी.

१९८४ साल. भाऊ सव्वीस वर्षांचा होता, नुकताच बँकेत लागला होता. आमच्याच मंडळीत गाणाऱ्या एका मुलीवर त्याचे मन बसले होते. मुलगी शिकलेली, गोड गळ्याची, आईवडील देवभीरू. अडचण एवढीच, की तिचे आजोबा ज्या वाड्यातून बाप्तिस्मा घ्यायला आले होते तो वाडा आमच्या आजोबांच्या वाड्याहून वेगळा होता. ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आम्ही ख्रिस्ती लोक मोठ्याने विचारत नाही. हळू आवाजात विचारतो. आईवडिलांना थेट नाही म्हणवेना. त्यांनी ते काम माझ्यावर, शिकलेल्या थोरल्या लेकीवर सोपवले. मी भावाला समोर बसवले आणि ‘विजोड’चे वचन काढून दाखवले. ते विश्वास न ठेवणाऱ्यांबद्दल आहे आणि ही मुलगी दर रविवारी आमच्या पुढच्या बाकावर असते, हे मला दिसत नव्हते असे नाही. भावाने एक शब्द काढला नाही. त्या मुलीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. भावाचाही संसार चांगला झाला. त्या विषयावर आम्ही चाळीस वर्षे बोललो नव्हतो.

नाताळ झाल्यावर मी त्याला चार पानी पत्र लिहिले. मिर्याम, रूथ, कॉर्नवॉलची होळी, जॉर्जियाचा कायदा, सगळे लिहिले. शेवटी लिहिले, ‘तू मागितलेले वचन शास्त्रात नाही. मी तुला मागे दिले होते तेही त्या जागचे नव्हते.’

दोन आठवडे काही उत्तर नाही. मग एका दुपारी फोन आला.

“ताई, ते वचन तिथलं नाही, हे तुला तेव्हा ठाऊक होतं?”

“होतं,” मी म्हटले.

बराच वेळ तो बोलला नाही. मला वाटले, फोन ठेवणार. मग एकदम निराळ्याच आवाजात म्हणाला, “त्या मुलाची आजी आहे म्हणे, नव्वदीची. तिनंही नातवाला विचारलं, की ही हिंदुस्थानातली माणसं खरंच ख्रिस्ती आहेत का, आणि आपल्या काळ्या पोराला ती घरात घेतील का. पोरीनं परवा सांगितलं.”

“मग पोरगी काय म्हणाली?”

“म्हणाली, बाबांना विचारून सांगते.”

भाऊ आणि वहिनी मे महिन्यात जॉर्जियाला जाऊन लग्न लावून आले. माझे गुडघे एवढ्या प्रवासाचे राहिलेले नाहीत. निघण्यापूर्वी आठ दिवस भावाचा पुन्हा फोन आला. लग्नविधीत वधूच्या वडिलांनी शास्त्रातला एक उतारा वाचायचा असतो, तो तू काढून दे, मी मराठीतच वाचणार आहे, म्हणाला.

मी पुस्तक उघडले आणि रूथच्या पहिल्या अध्यायातला, तिने सासूला दिलेल्या वचनाचा भाग काढून दिला. या वेळी मागचापुढचा संदर्भ दोनदा वाचून घेतला.